शाळेच्या पोरांचा तारी



चोपडे गाव ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडा भूगोल. पेडणे तालुक्याच्या दक्षिणेला, शापोरा नदीच्या उत्तर काठावर आमचा गाव. समोरच्या काठावर शिवोली, म्हणजे बार्देस तालुका सुरू. पश्चिमेला मोरजी, शेजारी आगरवाडा, नावाप्रमाणे मिठागरांचा. आगरवाडा आणि चोपडे यांची पंचायत एकच. आज पुलावरून शिवोलीला जायला चार मिनिटं पुरतात. हा पूल झाला या शतकाच्या सुरुवातीला. त्याआधी मधे नदी होती आणि नदीवर तार होती. पुण्या-मुंबईच्या वाचकांना तार म्हटल्यावर पोस्टातली तार आठवेल. आमच्याकडे तार म्हणजे नदी ओलांडायची जागा, आणि होडी चालवणारा तो तारी.

आज लिहायचं आहे ते पोरांना शाळेत पोचवणाऱ्या माणसाबद्दल. शाळा सुरू व्हायच्या आधी घराघरात हाच विषय असतो. व्हॅनवाला कोण, कसा आहे, किती घेतो? बहुतेक ठिकाणी तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी मिळतं आणि त्यावरच निर्णय होतो. माझं आयुष्य बँकेत कर्जाचे अर्ज वाचण्यात गेलं, त्यामुळे माणूस पारखायचा म्हटलं की माझे कान टवकारतात. पण या कामातली पहिली पारख मी बँकेत शिकलो नाही. ती तारीवर पाहिली.

पेडणे महाल १७८८ साली सावंतवाडीकरांकडून पोर्तुगीजांकडे गेला, म्हणून आम्ही नव्या काबिजादीतले. पोर्तुगीज अमलात सरकारी शाळा मोजक्या ठिकाणी, आणि त्याही पोर्तुगीज भाषेच्या. मराठी शिकायचं ते घरच्या ओसरीवर नाहीतर देवळात, गावाने ठेवलेल्या मास्तरांकडे. मास्तरच गावात येऊन राहत, त्यामुळे पोरांनी कुठे जायचा प्रश्न नव्हता. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. १९६३ च्या डिसेंबरात भाऊसाहेब बांदोडकरांचं सरकार आलं. भाऊसाहेब मूळ आमच्याच पेडण्याचे. त्यांच्या काळात वाड्यावाड्यावर मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. शाळा पायाखाली आली. थोरल्या बहिणीचा हात धरून धाकटा भाऊ शेताच्या बांधावरून शाळेत जायचा, आणि वाटेत ज्याच्या त्याच्या दारातून 'कोणाचा रे तू?' असं विचारणारं कोणीतरी असायचंच. सोबतीला माणूस ठेवायची कोणाला गरज वाटली नाही.

अडचण पुढच्या शिक्षणाची होती. हायस्कूलसाठी एकतर पेडण्याला जा, नाहीतर नदी ओलांडून शिवोली किंवा म्हापसा गाठा. आमच्या घरात म्हापसा ठरलं, कारण आत्या तिथे राहायची आणि पावसापाण्यात अडकलो तर सोय होती. म्हणजे सकाळी तार, मग शिवोलीहून कारेर, म्हणजे त्या काळची बस. संध्याकाळी उलट. परीक्षा तेव्हा पुणे बोर्डाची असायची. गोव्याचं स्वतःचं बोर्ड १९७५ च्या कायद्याने झालं.

माझ्या आठवणीत पोरांना नेणाऱ्या दोन होड्या होत्या. एक तारी तरुण, अंगापिंडाने मजबूत, गाणी म्हणत वल्हं मारायचा आणि आम्हा पोरांचा लाडका. दुसरा पन्नाशीचा, फारसं न बोलणारा, पायात वाक आलेला. साहजिकच आम्हाला तरुणाच्या होडीत बसायचं होतं. वडिलांनी म्हाताऱ्याला ठरवलं. कारण आम्हाला सांगितलं नाही. त्या काळी वडील मुलांना कारणं सांगत नसत. ते मला आजीकडून कळलं. एकदा वडिलांना म्हापशाला कोर्टाच्या कामाला जायचं होतं, तारीख होती. श्रावणातला दिवस. नदीला वरून पुराचं पाणी, खालून भरती, आणि वारा. म्हाताऱ्याने होडी सोडायला नकार दिला. वडिलांनी दुप्पट पैसे देऊ केले, रागावले, गावातल्या चार वजनदार माणसांची नावं घेतली. तो फक्त एवढंच म्हणाला, "आज ना. उदक बरें ना." आणि होडी ओढून काठावर बांधून ठेवली. वडिलांची तारीख चुकली. घरी येऊन त्यांनी आदळआपट केली. पण पुढच्याच वर्षी पोराला शाळेत न्यायचं ठरलं तेव्हा ते त्याच माणसाच्या दारात गेले. आजीच्या शब्दांत सांगायचं तर, ज्याने बापाला नको म्हटलं तो पोरांच्या हट्टाला काय भीक घालणार!

त्याची दुसरी गोष्ट मी स्वतः पाहिलेली. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. सकाळी जेवढी पोरं होडीत चढत तेवढे चिंचोके तो कमरेच्या पिशवीतून एका पत्र्याच्या डब्यात टाकायचा. संध्याकाळी शिवोलीच्या काठावर प्रत्येक पोरामागे एक चिंचोका परत पिशवीत. डबा रिकामा झाल्याशिवाय होडी सुटत नसे. एका संध्याकाळी डब्यात एक उरला. आमच्यातला एक मुलगा शिवोलीतल्या मामाकडे परस्पर राहायला गेला होता, कोणाला न सांगता. आम्ही सगळे ओरडून सांगत होतो की तो मामाकडे गेला असणार. 'असणार' या शब्दावर तो हलेना. अंधार पडला. पलीकडच्या काठावर आमच्या आया कंदील घेऊन उभ्या, हाका मारतायत. शेवटी त्याने एका ओळखीच्या दुकानदाराच्या पोराला सायकलवरून मामाच्या घरी पिटाळलं, निरोप आला, तेव्हा तो चिंचोका पिशवीत गेला. काठावर उतरल्यावर त्याला बायकांच्या शिव्या खाव्या लागल्या. त्याने ऐकून घेतल्या आणि सकाळी पुन्हा डबा घेऊन हजर.

मोबदला म्हणाल तर भातकापणीनंतर घरटी ठरलेलं भात, चतुर्थीला नारळ आणि करंज्या. मे महिन्यात शाळा बंद, पण भातात त्याची कपात नव्हती. हे मी मुद्दाम लिहितोय, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

नंतर सरकारी फेरीबोट आली. नदी परिवहन खात्याची. मोटारी, स्कुटरी, मासळीच्या पाट्या, हरमलला निघालेले हिप्पी आणि शाळेची पोरं, सगळे एकाच फळीवर. फेरीबोटीने सोय केली यात शंका नाही. होडीपेक्षा ती कितीतरी सुरक्षित. पण चालक कोण हे आता कोणाला माहीत नसायचं. पाळ्या बदलायच्या. भरवसा माणसावरून खात्यावर गेला. मग आयांनी वेगळा मार्ग काढला. शिवोलीच्या बाजूला उभ्या असलेल्या खाजगी बसच्या कंडक्टरला धरलं. "बाबा रे, या दोघींना म्हापशाच्या स्टँडवर उतरव, आणि संध्याकाळच्या गाडीला त्या दिसल्या नाहीत तर फेरीवर निरोप दे." कंडक्टर स्थानिक असायचा. कोणाचा तरी भाचा, कोणाचा तरी शेजारी. १९८० मध्ये कदंब महामंडळ निघालं आणि विद्यार्थ्यांना पास मिळू लागले. पण लहान मुलींच्या आया खाजगी बसच सोडायच्या नाहीत, कारण कदंबचा कंडक्टर बदलीचा आणि हा रोजचा. पासात वाचणारे पैसे त्यांनी आनंदाने सोडले. बाजारात दोन पैशांसाठी हुज्जत घालणाऱ्या याच बायका, हे विशेष.

आता बँकेचं. १९६९ मध्ये १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि अग्रक्रमाच्या कर्जांत छोट्या वाहतूकदारांचा वर्ग आला. रस्ते आणि जलवाहतूक असं त्या वर्गाचं नाव होतं, म्हणजे कागदोपत्री आमचा तारीसुद्धा त्यात बसला असता. मी बी. कॉम. होऊन बँकेत लागलो तेव्हा आम्हाला शिकवलेलं पहिलं सूत्र तीन 'सी'चं. कॅरेक्टर, कपॅसिटी, कॅपिटल. माणसाची नियत, त्याची कमवायची ताकद, त्याचं स्वतःचं भांडवल. १९८४ मध्ये मारुतीची व्हॅन बाजारात आली, पुढे तिचं नाव ओम्नी झालं, आणि शाळेच्या मुलांची वाहतूक हा एक धंदाच उभा राहिला. अशा किती व्हॅनची कर्जं माझ्या टेबलावरून गेली त्याची गणती नाही.

त्यातल्या एका कर्जदाराबद्दल सांगतो. गाव आणि शाखा सांगत नाही. माणसाचा हप्ता कधी चुकला नाही. दहा तारखेचा हप्ता सात तारखेला. आमच्या शाखेत आदर्श खातेदार म्हणून त्याचं नाव घेत. तारण मालाची पाहणी करायची म्हणून एकदा न कळवता सकाळी साडेसातला त्याच्या वाटेवर जाऊन उभा राहिलो. व्हॅन आली. मी मोजली, सतरा मुलं. ड्रायव्हरच्या सीटमागे आडवी फळी टाकून त्यावर चार, मागच्या दारापाशी दप्तरांवर तीन, आणि पुढे ड्रायव्हरच्या शेजारी तीन चिमुरडी, त्यातलं एक गिअरला गुडघा लावून. मागची सीट उचलायला लावली तर खाली घरगुती गॅसचा सिलिंडर, त्यावर गाडी चालत होती. त्या काळी हा प्रकार सर्रास होता, मोठ्या शहरांतसुद्धा.

बँकेच्या भाषेत त्याची नियत उत्तम होती. कर्ज फेडायची तळमळ खरी होती. आणि त्या तळमळीनेच ती सतरा मुलं आत कोंबली गेली होती. मी त्याला शाखेत बोलावलं, समोर बसवलं आणि कागद घेतला. हप्ता, पेट्रोल, विमा, टायर, दुरुस्ती, घरखर्च. आठ मुलांत ते बसत नव्हतं, कितीही ओढाताण केली तरी. पालक देत होते त्या पैशांत तर नाहीच. मॅनेजरसाहेबांशी बोलून आम्ही कर्जाची मुदत वाढवून हप्ता खाली आणला. त्याच्याकडून सिलिंडर काढल्याचं लिहून घेतलं आणि जाऊन पाहिलंही. आणि त्याने पालकांना थोडे पैसे वाढवून मागावेत असं ठरलं. पुढच्या महिन्यात निम्म्या पालकांनी मुलं काढून घेतली आणि दुसऱ्या व्हॅनमध्ये घातली. त्या दुसऱ्या व्हॅनमध्ये किती मुलं होती हे मोजायला मी गेलो नाही, ती गाडी आमच्या बँकेची नव्हती. आमचा माणूस कसाबसा तरला, दुपारी बेकरीचा माल पोचवून.

१८ नोव्हेंबर १९९७ ला दिल्लीत वजिराबादच्या पुलावरून शाळेची बस यमुनेत पडली. २८ मुलं गेली. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने मेहतांच्या जुन्या प्रदूषणाच्या खटल्यातच शाळेच्या बसबद्दल आदेश दिले. आज आपण जी पिवळी बस पाहतो, खिडक्यांना आडव्या दांड्या, दाराला कुलूप, प्रथमोपचार पेटी, वेगाला ताशी ४० किलोमीटरची मर्यादा, सोबत मदतनीस, हे सगळं त्यातून आलं. ड्रायव्हरबद्दलही अटी आल्या. जड वाहन चालवायचा किमान ५ वर्षांचा अनुभव हवा, वर्षात दोनपेक्षा जास्त वेळा चलन झालेलं नसावं, आणि भरधाव किंवा दारू पिऊन चालवल्याबद्दल एकदाही नाही. महाराष्ट्राने २०११ मध्ये शालेय बसचे स्वतंत्र नियम केले आणि प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती सांगितली. माझी भाची ठाण्याला आहे. तिच्या मुलाच्या शाळेत ही समिती आहे का असं मी विचारलं तर तिला पत्ता नव्हता. ज्यांची मुलं बसने जातात त्यांनी एकदा शाळेत विचारून पाहायला हरकत नाही.

नियम आवश्यकच आहेत. पण १६ डिसेंबर २०१२ च्या रात्री दिल्लीत ज्या बसमध्ये ते अमानुष कृत्य झालं, ती बस दिवसा शाळेच्या मुलांची ने-आण करत होती. हे वाचलं तेव्हा मी हातातला पेपर खाली ठेवला. गाडीचा रंग, दांड्या, पेटी हे दिवसा तपासता येतं. ती गाडी आणि तो माणूस रात्री कुठे असतात, हे कोण विचारणार?

आमच्या पेडण्यात हा रात्रीचा प्रश्न आता वेगळ्या रूपात आला आहे. पूल झाल्यावर मोरजी, मांद्रे, हरमलचा किनारा उघडा झाला. गावातल्या निम्म्या घरांत टॅक्सी किंवा भाड्याच्या स्कुटरी. २०२३ च्या जानेवारीत मोपाचा विमानतळ सुरू झाला. पर्यटकाला विमानतळावर सोडण्याच्या एका फेरीत जे मिळतं ते शाळेच्या एका मुलाकडून महिन्याला मिळत नाही. मग सकाळी सातला मुलं न्यायला भरवशाचा माणूस कसा मिळावा? अनुदानित शाळांना सरकारने बालरथ दिले, ही मोठी सोय झाली. मात्र त्यांचे चालक आणि मदतनीस पगारासाठी पुन्हा पुन्हा संपावर गेले, हेही आपण पाहिलं. शिवाय गावातल्या कितीतरी सरकारी प्राथमिक शाळा पटसंख्येअभावी बंद झाल्या. माध्यमाच्या वादात मी शिरत नाही, पण भाऊसाहेबांच्या काळात पायाखाली आलेली शाळा पुन्हा दूर गेली, आणि सहा वर्षांचं मूल रोज गाडीत बसू लागलं.

माझी नात त्यांतलीच एक. तिच्यासाठी ड्रायव्हर बघायचं काम घरच्यांनी माझ्यावर सोपवलं, बहुधा मला गप्प बसवायला. चार माणसं पाहिली. पहिल्याची गाडी नवी कोरी, पण पांढऱ्या नंबरची, म्हणजे खाजगी. खाजगी गाडीच्या विम्यात भाड्याने माणसं नेणं बसत नाही. उद्या काही झालं तर विमा कंपनी हात वर करते. त्याला तिथेच नमस्कार केला. दुसऱ्याचे कागद चोख होते. परिवहन खात्याच्या मोबाइल ॲपवर गाडीचा नंबर घालून मी विमा आणि फिटनेसची तारीख पाहिली, हे हल्ली घरबसल्या होतं. पण बोलता बोलता कळलं की तो रात्री विमानतळाची भाडी मारतो, पहाटे चारला घरी येतो आणि साडेसहाला मुलं घ्यायला निघतो. मुलगा कष्टाळू, त्याच्याबद्दल वाईट बोलायला जागा नाही. पण अडीच तास झोपलेल्या माणसाच्या हाती मी नात देणार नव्हतो. तिसरा आमच्या ओळखीतला, गोड बोलणारा. मी कुठलीही गोष्ट सांगितली की 'होऊन जाईल काका' म्हणायचा. पावसात रस्त्यावर पाणी आलं तर? होऊन जाईल. अकरा मुलं झाली तर? होऊन जाईल. मला काठावर बांधलेली ती होडी आठवली.

चौथा कदंबमधून निवृत्त झालेला ड्रायव्हर. त्याने मलाच उलटे प्रश्न विचारले. मुलगी गाडीत ओकते का? दाराशी उभं कोण राहणार? दार बंद असेल तर कोणाकडे सोडायची, आणि तुम्ही पाठवलेला दुसरा माणूस न्यायला आला तर मी ओळखायचा कसा? आठच्या वर मुलं घेणार नाही म्हणाला, आणि त्याप्रमाणे पैसे जास्त सांगितले. सुनेने घासाघीस करायला तोंड उघडलं तेव्हा मी तिला आत चहा ठेवायला सांगितलं. ती अजून मला ते ऐकवते.

एक गोष्ट सुनेने सुचवली, ती मला सुचली नव्हती. गाडीत सगळ्यात शेवटी उतरणारं मूल एकटं राहतं. म्हणून आमच्या वाड्यावरच्या दुसऱ्या मुलीलाही त्याच गाडीत घातलं, दोघी एकत्र चढतात, एकत्र उतरतात. पुढच्या सीटवर कोणी मूल बसवायचं नाही हे त्याने आपणहून सांगितलं. पहिल्या आठवड्यात मी दोनदा न कळवता शाळेच्या फाटकापाशी जाऊन उभा राहिलो. त्याने पाहिलं, हसला, काही बोलला नाही. आणि सुट्टीच्या महिन्याचे पैसे आम्ही पूर्ण देतो. मुलाला ते पटलं नव्हतं, गाडी चालत नाही तर पैसे कसले? त्याला म्हटलं, शेतकऱ्याच्या घरात भात कापलं जायचं नाही अरे.

नात नाराज आहे. काका गाडी फार हळू चालवतात, मोरजीचे टुरिस्ट स्कुटरवरून ओव्हरटेक करून जातात, असं तिचं म्हणणं.

गेल्या जुलैत सकाळी सव्वासहाला त्याचा फोन आला. ब्रेक मऊ लागतोय, गॅरेजला टाकतो, आज येत नाही. घरात एकच गोंधळ उडाला. सुनेची मीटिंग, मुलाची ड्युटी, बाहेर धो धो पाऊस. शेवटी मुलगा रजा टाकून दोन्ही मुलींना सोडून आला. संध्याकाळी जेवताना त्याने विचारलं, आजचे पैसे कापायचे का? मी नको म्हटलं आणि आमटी वाढून घेतली.

तर मंडळी, शिवोली-चोपडे तारीवरून किंवा वरच्या अंगाला कामुर्ली-तुये तारीवरून शाळेला गेलेले तुमच्यात कोणी असतील, नाहीतर तुमचे आई-वडील गेले असतील, तर त्यांच्या तारीबद्दल जरूर लिहा. पोरं मोजायची त्यांची काय पद्धत होती ते खास करून लिहा. आमच्याकडे चिंचोके होते. आत्याच्या गावी खडूच्या रेघा मारत असं ऐकलंय, पण ते सांगणारं आता कोणी राहिलं नाही.